सेकंदांचा हिशेब चोख, वर्षांचा मोघम

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या मा. अध्यक्ष व सदस्यांस,



आपल्या मोजमापाचं कौतुक करावं म्हणून हे पत्र. 2015 मध्ये 'स्पेक्टर'मधल्या जेम्स बॉण्डची चुंबनं आपण निम्मी केलीत. 2025 मध्ये 'सुपरमॅन'च्या प्रणयातले 33 सेकंद काढलेत. बत्तीस नाही, चौतीस नाही! सोनाराच्या काट्यानेही मान खाली घालावी.

त्याच वर्षी आपल्यापुढे 'फुले' हा चित्रपट आला. त्यात गुलामी 3000 वर्षांची असल्याचं एका संवादात होतं. ती आपण 'कित्येक वर्षांची' करायला लावलीत. महार, मांग, पेशवाई हे शब्द गेले. झाडू बांधून चालणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी सावित्रीबाईंवर शेण फेकणारी पोरं आली. एवढं झाल्यावर 'यू' प्रमाणपत्र. थोडक्यात, शेणफेक सहकुटुंब पाहायला हरकत नाही. झाडू मात्र बघवत नाही.

'ए' घेतला तरी सुटका नाहीच म्हणा. 'उडता पंजाब' प्रौढांसाठीच होता, तरी 2016 मध्ये आपल्याला त्यात 13 बदल हवे होते, अगदी पंजाबच्या नावाची पाटीसुद्धा नको होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्यातली एकच काटछाट ठेवली. अठराव्या वर्षी खासदार निवडणाऱ्याला शिवी झेपेल की नाही, ही आपली काळजी हृद्य आहे.

दाद मागायला पूर्वी अपिलीय न्यायाधिकरण होतं. 2021 मध्ये तेही मोडीत निघालं. आता थेट उच्च न्यायालय. तिथे जायला वकील लागतो, वेळ लागतो. इकडे थिएटरं ठरलेली, व्याजाने काढलेला पैसा अंगावर, आणि टीव्हीला 'ए' चालत नाही. मग निर्माता मुकाट्याने कात्री मागून घेतो आणि कागदोपत्री त्याला 'स्वेच्छेने केलेले बदल' म्हणतात. बड्या बॅनरला निदान वकील तरी परवडतो. वय सांगा, कापू नका, असं श्याम बेनेगल समितीने 2016 मध्येच सुचवलं होतं. तो अहवाल बहुधा सेकंदांत मोजता आला नसावा.

आता तर 'यूए'च्याही 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या झाल्या आहेत. म्हणून एकच विनंती. '3000' हा आकडा कोणत्या वयापासून ऐकलेला चालतो, तेवढं कळवावं. उत्तरात नेमकं वय लिहिणं अडचणीचं वाटलं, तर 'कित्येक' लिहिलंत तरी चालेल.

आपला,
एक सज्ञान प्रेक्षक