आवाजवाले काका

बहुतेक सोसायट्यांत एक आवाजवाले काका असतात. हयात कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेलेली, निवृत्तीनंतर कानाला काम उरलेलं नाही. सोसायटीतले मिक्सर, पाण्याचा पंप, लिफ्ट यांच्या कुरकुरी केव्हाच निकालात निघाल्या. आता त्यांचा सगळा जीव लोकांच्या लॅपटॉपांत.

"काका, लॅपटॉप आवाज करतोय हो," एवढं जिन्यात म्हणायचा अवकाश, काका घरात हजर. पहिला प्रश्न ठरलेला: "कसला आवाज?" इथे "कसातरीच" म्हणून भागत नाही. आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो. बँकेतले एक मॅनेजर, एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख न देणारे, स्वतःच्या हॉलमध्ये बायकोपोरांसमोर "घर्रर्र... टक्... घर्रर्र" करताना मी पाहिलेत. "टक् आधी की घर्र आधी?" असं विचारून काकांनी त्यांना ते पुन्हा करायला लावलं.

मग तपासणी. छताचा पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरखालचा गॅस बंद. वहिनींनी भांडं वाजवायचं नाही. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या पोटाला टेकवतात, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. मे महिन्यात ही तपासणी जरा जास्तच वेळ चालते.

निदान मात्र पक्कं, हे मान्य करायला हवं. घरघर म्हणजे पंखा. खालचं झाकण काढलं की उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर धुळीची वाकळ पांघरलेली दिसते. वारा अडला की प्रोसेसर तापतो, तो तापला की पंखा जिवाच्या आकांताने पळतो. काका आधी पात्यांत टूथपिक अडकवतात, मग ब्रश आणि हवेचा झोत. झोताने पंखा नको तेवढा फिरला तर बेअरिंग जातं, हे टूथपिक उंच धरून सगळ्यांना सांगितलं जातं. "आणि गादीवर ठेवून सिनेमे बघता ना? जाळी बुजते खालची!" हे घरातल्या मुलाकडे बघून. एकदा एवढं करूनही पंखा बोंबलतच होता. मुलाने गुपचूप ब्राउझरमधले ढीगभर टॅब बंद केले, पंखा निवला. "बघा, धूळ!" काका म्हणाले.

पंचाईत होते ती बारीक 'सूंऽऽ'पाशी. मदरबोर्डावरच्या इवल्याशा कॉइलमधून वीज जाताना ती थरथरते, त्याचा हा आवाज. सहसा बिघाड नसतो, उपायही फारसा नसतो. पण वय वाढलं की कानातून आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि सोसायटीतल्या या एकमेव तज्ज्ञाला हा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून चौथीतला नातू मदतनीस. "येतोय का रे?" "येतोय, आजोबा." चॉकलेट मिळेपर्यंत येतो. मग थांबतो, आणि लॅपटॉप बरा झाल्याचं जाहीर होतं.

तळमजल्यावरच्या सूनबाईंनी मॅकबुक एअर आणला. २०२०च्या अखेरीपासून त्यात पंखाच नसतो. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, पुष्कळ वेळ ऐकलं. "याला काही म्हणायचंच नाहीये," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

एका आवाजापुढे मात्र ते हत्यार खिशात घालतात. जुन्या लॅपटॉपातली, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क टक्-टक् करू लागली की समजायचं, आतल्या हेडला वाचायची जागा सापडत नाही, ते पुन्हापुन्हा मागे येतंय. "ही उघडायची नाही. धुळीचा कण गेला तरी कारभार आटोपला." तेव्हा टक्-टक् असेल तर काकांना मागाहून बोलवा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. घरघर असेल तर खुशाल हाक मारा, फक्त कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.