अजून राजा आहे ना!

रविवारच्या रेटिंग स्पर्धेत सगळे पट आवरले आणि एकाच टेबलाभोवती गर्दी उरली, की समजावं काका खेळताहेत. म्हणजे हरताहेत. वजीर गेलाय, दोन्ही हत्ती गेलेत, पुढच्या फेरीचं पेअरिंग खोळंबलंय. समोर ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत असा एक चिमुरडा. कुणी नजरेनं ‘सोडा आता’ सुचवलं, तर काका स्कोअरशीटवर सुवाच्य अक्षरात खेळी लिहितात आणि पुटपुटतात, “अजून राजा आहे ना!”

काकांचा इतिहासाचा व्यासंग दांडगा, पण एकाच विषयापुरता: ज्यांनी डाव सोडला आणि पस्तावले. माँटे कार्लो, १९०२. उंट वाचत नाही म्हणून मार्कोनं पोपिएलपुढे हार मानली. तोच उंट सरकवला असता तर मार्कोच जिंकत होता! न्यूयॉर्क, १९९७. डीप ब्लू संगणकाविरुद्ध दुसऱ्या डावात कास्पारोव्हनं हात पुढे केला, आणि दुसऱ्या दिवशी विश्लेषकांनी बरोबरीची वाट दाखवली. फिशरला काका सर्वश्रेष्ठ मानतात, ते त्याच्या डावांसाठी नव्हे. प्रत्येक खेळीला घड्याळात सेकंदांची भर घालायची कल्पना त्याची. हल्ली ३० सेकंद मिळतात आणि काका त्यातले एकोणतीस वापरतात.

लोक याला जिद्द म्हणतात. मला तसं वाटत नाही. ग्रँडमास्टरला दहा खेळ्यांपुढची मात आत्ताच दिसते, म्हणून तो घड्याळ थांबवतो. काकांना ती दिसतच नाही. डाव सोडायलासुद्धा डाव कळावा लागतो.

त्यांची सगळी भिस्त स्टेलमेटवर. राजाला शह नाही आणि करायला एकही खेळी नाही, की अर्धा गुण! समोरच्याकडे जितके वजीर जास्त, तितकी ही चूक सोपी. म्हणून पोराचं प्यादं शेवटच्या घरात पोचताच काका स्वतः उठून शेजारच्या पटावरून वजीर आणून देतात. “घे बाळा, आणखी एक कर.”

परवाच्या पोरानं वजीर बाजूला ठेवला, क्षणभर पट न्याहाळला आणि हत्ती मागितला.

काकांचा चेहरा उतरला. “वजीर मिळत असताना हत्ती? क्लासवाल्यांनी पोरांचा खेळच बिघडवलाय!” ते पंचांना म्हणाले, आणि राजा एक घर मागे घेतला.