मिशिगन आणि कुडमुडे जोशी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली की दोन निकाल लागतात. पहिला मतांचा. तो बहुधा चार-पाच दिवसांत संपतो. दुसरा अर्थाचा. तो टीव्हीच्या स्टुडिओत बसलेले कुडमुडे जोशी लावतात आणि पुढची निवडणूक तोंडावर आली तरी तो लागतच असतो.

या जोशीबुवांचे लाडके राज्य म्हणजे मिशिगन. कुंपणावरचे राज्य. त्याने २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडेन आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प निवडले, आणि तिन्ही वेळा जोशीबुवांना त्यात युगांतर दिसले.

२०१६ पासून सुरू करू. ट्रम्प मिशिगनमध्ये जिंकले १०,७०४ मतांनी. एकूण मते पडली होती ४८ लाखांच्या आसपास. याच राज्यातल्या ॲन आर्बर गावात विद्यापीठाचे फुटबॉल स्टेडियम आहे, तिथे १,०७,६०१ माणसे बसतात. ट्रम्प यांचे अख्खे मताधिक्य तिथे नेऊन बसवले तर नऊ हिस्से स्टेडियम रिकामे राहते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मात्र या एक दशांश स्टेडियमचे नाव 'गोऱ्या कामगाराचा उद्रेक' असे पडले. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचे पत्रकार छोट्या गावांतल्या डायनरमध्ये जाऊन बसले. अंडी आणि कॉफी मागवायची, शेजारच्या टेबलावरचा लाल टोपीवाला निवृत्त कामगार गाठायचा आणि 'काका, तुम्ही असे का केलेत?' असे सहानुभूतीने विचारायचे, हा पुढे कितीतरी काळ पत्रकारितेचा एक प्रकारच होऊन बसला.

त्याच निवडणुकीत मिशिगनमधल्या पंचाहत्तर हजारांहून अधिक मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी मतच नव्हते. लोक केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, आणि पहिलाच रकाना कोरा सोडून आले. विजयाच्या फरकाच्या सातपट माणसे! यांच्या उद्रेकावर एकही ग्रंथ निघाला नाही. हे लोक कोणत्या डायनरमध्ये भेटतात हे बहुधा कोणाला कळले नसावे.

२०२० मध्ये बायडेन १,५४,१८८ मतांनी आले. जोशीबुवांनी पोथी उलटी धरली: राज्य शुद्धीवर आले, उपनगरातल्या सुशिक्षित महिलांनी लोकशाही वाचवली. २०२४ मध्ये ट्रम्प ८०,१०३ मतांनी आले. पोथी पुन्हा सुलटी: कामगार वर्ग डेमोक्रॅटिक पक्षापासून कायमचा तुटला. मिशिगनमध्ये 'कायमचा' हा काळ साधारण चार वर्षांचा असतो.

या गोंधळाला तिथली पद्धतही खतपाणी घालते. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याची सगळी निर्वाचक मते. २०१६ मध्ये मिशिगनची अशी १६ मते होती. पाव टक्क्याहूनही कमी फरकाने ती सोळाच्या सोळा एका झोळीत गेली. टीव्हीच्या नकाशावर सगळे राज्य एकरंगी लाल झाले आणि बघणाऱ्याला वाटले, तिकडे एकजात सगळेच रिपब्लिकन झाले की काय! चार वर्षांनी तेच राज्य एकजात निळे. नकाशा रंगवणाऱ्याकडे जांभळा खडू नसतो, एवढाच याचा अर्थ. पण जांभळ्या रंगावर दोन तास चर्चा होत नाही.

आता २०२४ च्या कारणांकडे या. सर्वांत लाडके कारण डिअरबॉर्नचे. डेट्रॉइटला लागून असलेले, फोर्ड कंपनीचे मुख्यालय असलेले हे शहर अरब-अमेरिकनांचे माहेरघर. गाझातल्या युद्धामुळे इथला मतदार बायडेन यांच्यावर संतापला होता. फेब्रुवारी २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत राज्यभरात एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी 'कोणालाच बांधील नाही' या पर्यायावर खूण केली. नोव्हेंबरात तर डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, बायडेन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मते पडली. राग खरा होता, आकडेही खरे आहेत. म्हणून 'गाझाने मिशिगन घालवले' असा निकाल देऊन मंडळी मोकळी झाली.

जरा बेरीज करू. बायडेन दीड लाखाने पुढे होते, हॅरिस ऐंशी हजारांनी मागे राहिल्या. म्हणजे चार वर्षांत राज्याचा काटा २,३४,२९१ मतांनी फिरला. डिअरबॉर्नची लोकसंख्या आहे एक लाख दहा हजारांच्या आसपास. मतदार नव्हे, लोकसंख्या. पाळण्यातल्या बाळापासून कवळीवाल्या आजोबांपर्यंत सगळ्यांनी २०२० मध्ये बायडेन यांना आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांना मत दिले असे धरले, तरी चौदा-पंधरा हजार मतांचा हिशेब उरतोच. डिअरबॉर्नने पक्षाला धडा शिकवला हे मान्य. राज्य फिरवणे त्या शहराच्या आवाक्याबाहेरचे होते.

(हॅरिस यांच्या प्रचारप्रमुखांची मात्र कमाल म्हटली पाहिजे. निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना, अरब मतदार रुसलेला असताना, त्यांनी डिअरबॉर्नपासून अर्ध्या तासावरच्या रॉयल ओकमध्ये हॅरिस यांच्या शेजारी कोणाला बसवले? लिझ चेनी यांना. इराक युद्धाच्या वेळी उपाध्यक्ष असलेल्या डिक चेनी यांच्या कन्येला. मिशिगनमध्ये मते मिळवायला याहून चुकीचे आडनाव शोधायचे तर बराच अभ्यास करावा लागला असता.)

दुसरे लाडके कारण: डेमोक्रॅट घरी बसले. हॅरिस यांना बायडेन यांच्यापेक्षा साधारण साडेसदुसष्ट हजार मते कमी पडली, हे खरे. पण ट्रम्प यांची मते १ लाख ६६ हजारांनी वाढली, त्याचे काय? २०२४ मध्ये मिशिगनने ५७ लाखांच्या आसपास मते टाकली, राज्याच्या इतिहासातला हा उच्चांक. २०२० मध्ये बायडेन जेवढी मते मिळवून दिमाखात जिंकले, त्याहून जास्त मते या वेळी ट्रम्प यांना मिळाली. लोक घरी बसले असतील तर जाता जाता मतदान करून घरी बसले म्हणायचे. पण 'आपले लोक आलेच नाहीत' हे दुःख पक्षाला परवडते. 'आले, आणि पलीकडे गेले' हे परवडत नाही.

तिसरे कारण: राज्य उजवीकडे वळले. हे ऐकले की मला एलिसा स्लॉटकिन आठवतात. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर सिनेटची जागा होती आणि तिथे या डेमोक्रॅटिक बाई सुमारे १९ हजार मतांनी निवडून आल्या. 'म्हणजे हॅरिसपेक्षा स्लॉटकिन लोकप्रिय' असे म्हणायला जाल तर तेही फसते, कारण स्लॉटकिन यांना हॅरिस यांच्यापेक्षा कमीच मते आहेत! एकीला जास्त मते, ती हरली. दुसरीला कमी मते, ती जिंकली. कारण समोरचे रिपब्लिकन उमेदवार माइक रॉजर्स यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सव्वा लाखाच्या आसपास मते कमी पडली. ट्रम्प यांच्या नावापुढे खूण करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांच्या पक्षाशी देणेघेणे नव्हते, एवढे तरी यातून दिसते. माझ्या मते २०२४ च्या मिशिगनमधली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. ती स्टुडिओत फारशी चालली नाही, कारण तिच्यात कोणाच्याच विचारधारेचा विजय होत नाही.

आणि रॉबर्ट केनेडी ज्युनिअर? त्यांनी ऑगस्टमध्ये माघार घेतली, ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपले नाव काढा म्हणून कोर्टात धाव घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. रिंगणातून बाहेर पडलेल्या, दुसऱ्याचा प्रचार करणाऱ्या, स्वतःचे नाव खोडायला कोर्टात गेलेल्या या उमेदवाराला मिशिगनमध्ये २६ हजारांवर मते पडली. २०१६ मधल्या ट्रम्प यांच्या मताधिक्याच्या अडीचपट. जोशीबुवांनी या २६ हजारांच्या मनातला संदेश वाचून दाखवावा, मी दक्षिणा देईन.

खरे म्हणजे कुंपणावरच्या राज्यात कुंपणावर बसलेली माणसे फारशी नसतात. डेट्रॉइट शहर नव्वद टक्क्यांच्या आसपास डेमोक्रॅटिक. उत्तरेची मिसॉकी काउंटी चारांत तीन रिपब्लिकन. ॲन आर्बरच्या प्राध्यापकांना मतदानाआधी विचारायचीही गरज नाही. दोन्हीकडची ही ठाम, हट्टी, वर्षानुवर्षे न हललेली माणसे योगायोगाने सारख्या संख्येने एका राज्यात राहतात, म्हणून राज्य हलल्यासारखे दिसते. खरोखर हलतात त्या सॅगिनॉसारख्या मोजक्या काउंट्या. २०२० मध्ये बायडेन तिथे ३०३ मतांनी पुढे होते. चार वर्षांपूर्वी आणि चार वर्षांनी तिथे ट्रम्प. किंवा मॅकोम. वाहन कारखान्यांच्या कामगारांची ही काउंटी १९६० मध्ये जॉन केनेडींच्या मागे होती, १९८४ मध्ये दोन तृतीयांश रेगन यांच्या मागे गेली. तेव्हा मतचाचण्या घेणारे स्टॅन ग्रीनबर्ग यांनी तिथे जाऊन 'रेगन डेमोक्रॅट' अभ्यासले आणि तेव्हापासून दर चार वर्षांनी कोणी ना कोणी मॅकोमची नाडी बघायला जातोच. तिने ओबामांना दोनदा निवडले, मग ट्रम्प यांना तीनदा. २०१६ मध्ये एकट्या मॅकोमचे मताधिक्य ४८ हजारांचे होते. संघटनेचे म्हणाल तर वाहन कामगार संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन २०२४ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात 'ट्रम्प संपफोड्या आहे' असे लिहिलेला टी-शर्ट घालून उभे राहिले. मॅकोमने टी-शर्ट बघितला आणि ट्रम्प यांना मत दिले.

आपल्याकडे मिशिगनचे नाव निघाले की मराठी माणसाचा ऊर श्री ठाणेदार यांच्यासाठी भरून येतो. साहजिक आहे. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला माणूस अमेरिकी काँग्रेसमध्ये बसतो, याचे कौतुक झालेच पाहिजे. पण त्यांचा डेट्रॉइटचा मतदारसंघ लंबकाच्या टप्प्यातही येत नाही. तिथे नोव्हेंबरात निवडणूक हा उपचार. खरी लढाई ऑगस्टमध्ये, पक्षातल्या पक्षात. २०२२ मध्ये नऊ उमेदवारांच्या गर्दीत ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर पुढे आले आणि तिथेच खासदार झाले. चारांतल्या जवळपास तिघांनी दुसऱ्याला मत दिले होते. लोकशाहीचे हे रूप आपल्याला शिकवायला अमेरिकेने यायची गरज नाही. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय आणि नोव्हायमध्ये पुण्याहून गेलेले आपले वाहन उद्योगातले इंजिनिअर आहेत; त्यांतले जे अजून व्हिसावर आहेत त्यांना तिथे मत नाही, आणि माझ्या अनुभवात मिशिगनविषयी सर्वांत ठाम मते त्यांचीच असतात.

मतमोजणीची गंमत सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये डेट्रॉइटच्या मोजणी केंद्राबाहेर ट्रम्प समर्थक काचांवर हात आपटत होते: 'मोजणी थांबवा!' त्याच सुमारास ॲरिझोनात ट्रम्प मागे होते, म्हणून तिथले ट्रम्प समर्थक ओरडत होते: 'मते मोजा!' नेता एक, पक्ष एक, आठवडा एक. पुढे मिशिगनच्या सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताच्याच समितीने महिनोन्‌महिने चौकशी केली. एड मॅकब्रूम हे दुभत्या गायी पाळणारे रिपब्लिकन सिनेटर तिचे अध्यक्ष. जून २०२१ मध्ये त्यांनी लिहून दिले की व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नाही. ट्रम्प त्यांच्यावरच संतापले. २०२४ च्या मतदानादिवशीही डेट्रॉइटच्या नावाने ट्रम्प यांची कुरकुर सुरू झालीच होती. रात्री राज्य जिंकले, आणि तेच शहर, त्याच पद्धतीची मोजणी एका रात्रीत सोवळी झाली.

त्याच डेट्रॉइटच्या इकॉनॉमिक क्लबात, यजमानांचे मीठ खात, ट्रम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हणून आले होते की हॅरिस आल्या तर सगळ्या देशाचे डेट्रॉइट होईल. उलट ओबामा हॅरिस यांच्या प्रचाराला डेट्रॉइटला आले, रॅपर एमिनेमने त्यांची ओळख करून दिली, सभागृह डोक्यावर घेतले गेले. निकाल? डेट्रॉइटमध्ये ट्रम्प यांची मते पाच टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास गेली. ट्रम्प यांचा स्वतःचा तोडगा वेगळाच आहे. तिन्ही निवडणुकांची शेवटची सभा त्यांनी ग्रँड रॅपिड्सला घेतली, कारण पहिल्यांदा ती फळली होती. ग्रँड रॅपिड्स ज्या केंट काउंटीत आहे, ती ते २०१६ मध्ये जिंकले. २०२० आणि २०२४ मध्ये हरले. २०२४ मध्ये केंट हरूनही राज्य मिळाले, म्हणजे सभेचा गुण आलाच, असे म्हणायला जोशीबुवा मोकळे आहेत.

२०२८ मध्ये निकालाच्या रात्री कोणी तरी कॅमेऱ्यात बघून, आवाज खाली आणून म्हणेल की मिशिगनने देशाला स्पष्ट संदेश दिला आहे. तेव्हा टीव्ही बंद करू नका. फक्त त्याला एवढे विचारा: किती मतांनी?