उशिरा व कमी दाबाने

महापालिकेतले सर्वांत प्रामाणिक गद्य पाणीपुरवठा विभागात लिहिले जाते, असे आमचे बऱ्याच दिवसांचे मत आहे. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल, नागरिकांनी सहकार्य करावे. संपले. यात विशेषण नाही, छायाचित्र नाही, कोणाची संकल्पना नाही की कोणाचे मोलाचे मार्गदर्शन नाही. खाली एका अभियंत्याचे पदनाम असते आणि मजकूर शब्दशः खरा ठरतो, विशेषतः शुक्रवारचा. आता हीच महापालिका नव्या जलवाहिनीचे उद्घाटन करते तेव्हाची पत्रिका पाहा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती आणि सर्वांत खाली, चष्मा लावूनही न दिसणाऱ्या टायपात, निमंत्रक. नावांचा क्रम चुकला तर राजशिष्टाचाराचा भंग होतो आणि जलवाहिनी फुटली त्यापेक्षा जास्त बोंब होते. पाणी येणार नाही हे कळवायला एक कार्यकारी अभियंता पुरतो. पाणी येणार हे सांगायला मांडव कमी पडतो. शहराच्या वतीने बोलायचे कोणी, या वादाचे सगळे इंगित इथेच आहे. भांडण होते ते चांगल्या बातमीवरून. वाईट बातमी सांगण्याचा हक्क मागायला आजवर एकही माननीय पुढे आलेला नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, राज्यातल्या बाकी महापालिकांचा १९४९ च्या. दोन्हींत कारभाराची अंमलबजावणी आयुक्तांकडे आहे. नगर अभियंता, आरोग्य अधिकारी, मुख्य लेखापरीक्षक, नगरसचिव ही पदे कायद्यात नावानिशी आहेत. जाहीर नोटीस कशी द्यावी हेही कायद्याला ठाऊक आहे. ती आयुक्तांच्या सहीने निघावी आणि मोक्याच्या जागी चिकटवून, दवंडी पिटून किंवा स्थानिक वर्तमानपत्रात छापून लोकांना कळवावी. दवंडीवाल्याची तरतूद आहे, जनसंपर्क अधिकाऱ्याची नाही. त्यामुळे हे पद प्रशासनाच्या सोयीने भरले जाते. कधी ते एखाद्या उपायुक्ताच्या गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून पडते, कधी शाखा बदलून आलेल्या माणसाला चिकटते. या माणसाचे काम काय, असे विचारले तर उत्तर मिळते: पत्रकारांना प्रेसनोट पाठवणे आणि साहेबांच्या कार्यक्रमाला छायाचित्रकार वेळेवर पोचतो की नाही ते पाहणे. दवंडीवाला निदान गल्लीत तरी फिरत असे.

शहराच्या वतीने बोलण्यावर हक्क सांगणारे तिघे आहेत. पहिले अर्थात आयुक्त. त्यांचे म्हणणे असे, की काम आमचे, जबाबदारी आमची, मग बोलणेही आमचेच. राजकारण्यांच्या हाती दिले तर माहितीचा प्रचार होईल. वरवर पाहता बिनतोड आहे. सुदैवाने या युक्तिवादाची परीक्षा महाराष्ट्राने भरपूर मोठ्या प्रमाणावर घेतली. राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते, की महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकराज होते. आयुक्तांनी प्रशासन म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा आणि मुख्य सभा म्हणून पुन्हा त्यांनीच त्यावर शिक्का मारायचा, अशी एकपात्री लोकशाही होती. अडथळा आणायला नगरसेवक नव्हता, श्रेय लाटायला महापौर नव्हता. मग माहिती तरी दुथडी भरून वाहायला हवी होती. वाहिली ती मुठा. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात लोकांच्या घरांत पाणी शिरले. जलसंपदा विभाग म्हणाला, आम्ही कळवले होते. महापालिका म्हणाली, हवे तसे आणि वेळेवर कळले नाही. दोन सरकारी कार्यालयांत एकमेकांना काय कळवले यावर वाद चालू असताना जिन्यावर सामान चढवणाऱ्या माणसाला मात्र कोणीच काही कळवले नव्हते. राजकारणी नव्हते म्हणून माहिती शुद्ध झाली नाही. तिला मालक नव्हता तो नव्हताच.

यापेक्षा गंभीर एक दाखला आहे आणि तो थट्टेचा नाही. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आकड्यांचा ताळमेळ घालून करोनाच्या मृतांच्या संख्येत १,३२८ मृत्यूंची भर टाकली. त्यांतले ८६२ मुंबईतले होते. कोणी मुद्दाम लपवले असा आरोप करण्याची गरज नाही. नोंदी विस्कळीत होत्या, रुग्णालये अनेक होती, यंत्रणा दमलेली होती. पण ज्या यंत्रणेच्या कामाचे यशापयश त्या आकड्यावर ठरणार होते, तीच तो आकडा जाहीर करत होती आणि त्यात काही राहिले आहे का हे तपासायला तिसरा कोणी नव्हता. ही रचना साथीच्या काळापुरती नव्हती, आजही तीच आहे. रस्ता खड्डेमुक्त झाला हे पथ विभाग सांगतो, नालेसफाई पूर्ण झाली हे नाले साफ करून घेणारे सांगतात. नालेसफाईच्या टक्केवारीत दरवर्षी नव्वदी ओलांडली जाते आणि पहिला पाऊस उरलेले टक्के शोधून काढतो.

दुसरे दावेदार महापौर. त्यांचे म्हणणे, आम्ही निवडून आलो, शहराचे प्रथम नागरिक आम्ही, लोकांशी बोलण्याचा जनादेश आमच्याकडे आहे. हेही खोटे नाही. मात्र निवडून आलेल्यांनी लोकांशी कसे बोलायचे ठरवले आहे, ते शहरातल्या कोणत्याही बाकावर बसल्यास पाठीला टोचते. ‘यांच्या संकल्पनेतून’, ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’, ‘यांच्या विकासनिधीतून’. बाक सिमेंटचा, पैसा करदात्याचा, संकल्पना माननीयांची. माणसाने बसावे ही संकल्पना याआधी कोणाला सुचली नसावी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींतल्या छायाचित्रांवर मर्यादा घातली: राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश, बस्स. मार्च २०१६ मध्ये ती सैल करून राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्री यांना जागा दिली. या यादीत महापौर नाहीत, स्थायी समितीचे अध्यक्ष नाहीत आणि प्रभाग समितीचे तर नाहीतच. पण चौकातल्या फ्लेक्सने न्यायालयाचा निकाल वाचला असल्याची खूण कुठे दिसत नाही. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. तो अमलात आणण्याचे काम महापालिकेचे, आणि फ्लेक्सवर चेहरे महापालिका चालवणाऱ्यांचे. अशा वेळी कायद्याला जे व्हायचे ते होते.

पालिकेच्या तिजोरीतून मानमरातबावर खर्च करण्याची हौस काही आजची नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. बाकीच्या सदस्यांना स्वागत महत्त्वाचे वाटले. आज फुल्यांचा फोटो प्रत्येक सभागृहात आहे आणि स्वागताची तरतूद प्रत्येक अंदाजपत्रकात.

तिसरी दावेदार एजन्सी. हिला कोणी निवडून दिलेले नसते आणि ती सेवेतही नसते, त्यामुळे तिच्यावर सर्वांचा विश्वास असतो. शहराचे ‘ब्रँडिंग’ करते, रील करते, तीस सेकंदांत उड्डाणपूल उभा करून दाखवते. ठेकेदाराला तिने हे शिकवायला हवे. बाहेरून माणसे का आणावी लागतात, याचे सरकारी उत्तर मे २०२१ मध्ये एका आदेशात छापून आले होते. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांची समाजमाध्यमे सांभाळायला बाहेरची संस्था नेमून सुमारे सहा कोटी रुपये देण्याचा तो आदेश होता आणि कारण असे, की माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे त्यासाठी लागणारे व्यावसायिक आणि तांत्रिक कौशल्य नाही. टीका होताच उपमुख्यमंत्र्यांनीच तो रद्द करायला लावला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण राज्य सरकारचे प्रसिद्धी खाते प्रसिद्धीत अकुशल आहे हे सरकारनेच लिहून दिले, तो कागद मोलाचा आहे. एजन्सीला कौशल्य असते, यात वाद नाही. तिला फक्त हे ठाऊक नसते, की शुक्रवारी पाणी किती वाजता येणार.

तेव्हा तिघांपैकी कोण, हा प्रश्नच चुकीच्या खुंटीला टांगलेला आहे. महापालिकेच्या बोलण्यात दोन वेगळी कामे एकत्र कोंबली आहेत. एक माहिती: पाणी, पूर, कर, कचरा, रस्ता कधी खोदणार आणि कधी बुजवणार, कोणता ठराव झाला आणि का. दुसरी प्रसिद्धी: आम्ही किती छान आहोत. प्रसिद्धी ज्याला हवी त्याने आपल्या पक्षाच्या किंवा खिशाच्या पैशाने खुशाल करावी. माहितीची देखरेख मात्र अशा अधिकाऱ्याकडे हवी, ज्याची बदली आयुक्तांच्या मर्जीवर नाही आणि ज्याचे कौतुक महापौरांच्या हाती नाही. असा प्राणी अस्तित्वात नाही म्हणून हसू नये. मुख्य लेखापरीक्षक आयुक्तांच्या कारभाराचे हिशेब तपासतो आणि अहवाल स्थायी समितीला देतो. नगरसचिव सभागृहाचा असतो. पैशाचा हिशेब खर्च करणाऱ्यानेच तपासू नये हे आपल्या कायद्याला दीडशे वर्षांच्या अनुभवाने समजले आहे. मुंबईचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चावर करदाते १८७१ मध्ये बिथरले आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. तोच न्याय शब्दांच्या हिशेबाला लावायचा आहे. शहर माहिती अधिकारी नेमा, ठरावीक मुदत द्या, त्याला मुख्य सभेला उत्तरदायी करा, आणि दर तिमाहीला सभेपुढे त्याचा अहवाल ठेवा: कोणत्या खात्याने काय सांगायला हवे होते, कधी सांगितले, आणि सांगितलेले खरे निघाले का. यातले बरेचसे नवेही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ पासून सतरा मुद्द्यांची माहिती कोणी न मागता जाहीर करायला सांगितली आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणे द्यायलाही सांगितले आहे. तिथला अनुभव बघता, माहितीही शुक्रवारच्या पाण्यासारखीच येते.

आक्षेप येणार. पहिला असा, की संकटात दहा तोंडे बोलली तर गोंधळ होईल, म्हणून सूत्रे आयुक्तांकडेच हवीत. अगदी मान्य. पूर, आग, साथ यांत आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेनेच बोलावे आणि एकाच आवाजात बोलावे. मुंबईकर १९१६ हा क्रमांक लावतात ते जनसंपर्क विभागाशी गप्पा मारायला नव्हे. पण एकतानगरीत अडचण आवाज जास्त झाल्याची नव्हती. शिवाय संकट ओसरल्यावर कोणी काय, किती वाजता कळवले हे तपासायला स्वतंत्र माणूस असेल, तर पुढच्या वेळी कळवणारा घड्याळ बघून कळवेल.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे. मुख्य सभेला उत्तरदायी म्हणजे बहुमतवाल्या पक्षाला उत्तरदायी. मग हा अधिकारीही महापौरांचा भाट होईल. हा धोका खरा आहे. लेखापरीक्षकही नेहमी वाघ असतात असे नाही. त्यांचे आक्षेप वर्षानुवर्षे ‘प्रलंबित’ राहतात हे सर्वांना माहीत आहे. पण ते प्रलंबित आहेत हे आपल्याला कळते, कारण ते कागदावर असतात आणि विरोधी सदस्य ते सभेत फडकवू शकतो. आज पालिकेच्या प्रेसनोटवर असा आक्षेप नोंदवायला जागाच नाही. भाट नेमला गेला तरी त्याला तिमाही अहवाल लिहावा लागेल, आणि खोटे आकडे स्वतःच्या सहीने लिहायला भाटही कचरतो. हे फार उदात्त समर्थन नाही. महापालिकेच्या बाबतीत आम्ही उदात्त समर्थने शोधणे सोडले आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा: आणखी एक पद, आणखी एक गाडी, आणखी एक केबिन. फ्लेक्सच्या सांगाड्यांना लागणाऱ्या लोखंडात केबिन सहज उभी राहील. आणि चौथा, जो प्रशासन मनातच ठेवते: लोक वाचत नाहीत. गुरुवारची सूचना मात्र शहरातला एकूण एक माणूस वाचतो, बुधवारी रात्री पिंपे भरून ठेवतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो. उपयोगाचे आणि खरे लिहिले की पुणेकरसुद्धा शुद्धलेखन न तपासता वाचतात.

कायद्यात असे पद घालायचे तर दुरुस्ती विधिमंडळाने करायची आणि आकृतिबंधाला मंजुरी नगरविकास खात्याने द्यायची, हे खरे. पण तशी शिफारस करणारा ठराव करायला कोणत्याही सभागृहाला मुंबईहून परवानगी आणावी लागत नाही. जवळजवळ चार वर्षांनी निवडून आलेल्या सदस्यांनी स्वागताचे हार उतरवले असतील, तर पुढच्या मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर तो आणावा. त्याला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. ‘यांच्या संकल्पनेतून’ असा फलक लावणार असाल, तर या एका ठरावापुरती आमची हरकत नाही.