सोम्ब्रेरो: आधी काठ, मग टिकल्या

हस्तकलेच्या वहीत ‘मेक्सिकन टोपी’ असा विषय लिहून आला की सुजाण पालक आधी मुलाला झोपवतो आणि मग स्वतः चकचकीत कागद कापायला बसतो. ही पद्धत सर्वमान्य आहे, आणि साफ चुकीची. सोम्ब्रेरो, म्हणजे हीच मेक्सिकन टोपी, मुळात उन्हात राबणाऱ्याची, घोड्यावरून गुरं राखणाऱ्याची टोपी. तिची परीक्षा एकच: नाक, कान आणि मान यांवर सावली पडते का? पडत नसेल तर टिकल्या कितीही चिकटवा, झाली ती वाढदिवसाची टोपी. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथे तरी काठाला पर्याय नाही.

तेव्हा सुरुवात काठापासून. टेपने डोक्याचा घेर घ्या. तो ५२ सेंमी भरला तर भागिले ३.१४ हे गणित मुलालाच करू द्या (तुम्हालाही जमतं, हे सिद्ध करण्याची ही वेळ नव्हे). खोक्याच्या पुठ्ठ्यात साडेसोळा सेंमी व्यासाचं भोक आणि त्याभोवती १५ सेंमी रुंद काठ. वरच्या शंकूसाठी १९ सेंमी त्रिज्येचा कार्डपेपरचा अर्धगोल घ्या. त्याच्या गोल कडेला दीड सेंमीच्या चिरा द्या, सरळ कडा एकमेकींवर तीन सेंमी चढवून चिकटवा. मग शंकू भोकात बसवा आणि चिरांच्या पट्ट्या काठाच्या खालच्या अंगाला दुमडून फेविकॉल लावा. काठाला बाहेरून चार चिरा देऊन टोकं जराशी एकमेकांवर चढवली की तो वर वळतो. जराशीच, फार वळवलात तर रुबाब येतो आणि सावली जाते.

जालन्यात मेक्सिकोचं काय काम, हा आक्षेप येणारच. फक्त तो भाजलेलं कणीस खाता खाता घेऊ नये. भोकरदन-जाफराबादकडचा मका, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली मिरची आणि आज शेतोशेती दिसणारा अमेरिकी जातीचा कापूस, या तिन्ही पिकांचं मूळ मेक्सिकोकडचं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००२ साली महिकोच्या बीटी कापसाला मंजुरी मिळाली. पिकं चालतात, त्यांच्यावर बियाण्याची बाजारपेठ उभी राहते, आणि तिकडच्या शेतकऱ्याची टोपी तेवढी परकी? अजब न्याय आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आपला फेटा असताना हे कशाला? फेटा डोकं तापू देत नाही, शेमला मानही झाकतो, कबूल. पण नाक उघडंच राहतं. गांधी टोपीचा उपयोग तर उन्हापेक्षा निवडणुकीत जास्त.

राहिली सजावट. पोळ्याच्या आधी बाजारात बैलांसाठी लोकरीचे गोंडे आणि बेगड लटकलेलं असतं. तेच काठाला लावा. मेक्सिकोच्या माणसाला ओळख पटेल, बैलालाही. चमक कमी पडली तर बाई गुण कापतील, ही भीती रास्त आहे. पण गुण एकदाच मिळतात आणि ऊन मार्चपासून रोज. तयार टोपी सकाळी दहाला अंगणात मुलाच्या डोक्यावर ठेवा. सावली हनुवटीला टेकली तर टोपी पास. नाही टेकली तर काठ वाढवा, आणि टिकल्यांची डबी तोवर उंच फळीवर ठेवा, तुमचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच.