दोनशे मीटरचे भाटकार

गोव्यातल्या मयेच्या प्रत्येक वाड्यावर निदान एक तरी भाटकार, म्हणजे जमीनदार, असतो. खरा भाटकार म्हणाल, तर तो 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालला गेला आणि त्याची गावभर पसरलेली जमीन 1964 च्या कायद्याने सरकारनं नेमलेल्या कस्टोडियनच्या ताब्यात आली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मयेकर राहायचे आपल्या घरात, पण घर उभं कस्टोडियनच्या जमिनीवर. घर दुरुस्त करायचं म्हटलं तरी कागदासाठी हेलपाटे. शेवटी 2014 मध्ये विधानसभेनं कायदा केला, जमीन सरकारजमा झाली आणि मग सनदा वाटायला सुरुवात झाली. या सगळ्या भानगडीत एक गोष्ट मात्र कुठल्याच कार्यालयाच्या ध्यानात आली नाही. जमीन कुणाचीही असो, तिच्यावरचा भेंडा सकाळी जो तोडतो त्याचाच असतो. आमच्या भाटकारांना हे फार लवकर कळलं होतं.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, तिथेच राहू दे. घरामागे जेमतेम दोनशे चौरस मीटर परस, चिऱ्यांचा गडगा, कोपऱ्यात विहीर. एवढ्या संस्थानावर ते भाटकार झाले आहेत, आणि आम्ही 'भाटकारानू' अशी हाक मारली की चष्मा काढून पुसतात. ऐन उमेदीत ते खाणीवर वजनकाट्याला होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक तोलणारा माणूस दुधी तोलू लागला. खाणी चालू असताना रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे तेव्हा जास्वंदीच्या पानांवर लाल धूळ बसायची आणि पान कुठलं, फूल कुठलं ते कळायचं नाही. तोच माणूस आता पानावर मावा दिसला तर घरात सुतक पाळतो.

परसात कामं पुष्कळ असतात. जमीन वहिनी खणतात. बी त्याच टोचतात, शेणखत त्याच घालतात, विहिरीतून पाणी ओढून शिंपण त्याच करतात. तण काढायला एक बाई येते. भाटकारांकडे एकच खातं आहे, तोडणी. त्यात ते दुसऱ्या कुणाचा हात खपवून घेत नाहीत. एकदा पाहुण्या आलेल्या मेहुण्यानं हौसेनं चार वांगी तोडून आणली, तर त्या दिवशी घरात जे काही शिजलं त्याला वांग्यापेक्षा अबोल्याची चव जास्त होती. जुने लोक सांगतात की पूर्वीचे भाटकारही असेच, पेरणीला नसायचे आणि मळणीला हजर. म्हणजे पदवी आम्ही थट्टेनं दिली असली तरी चुकीची दिलेली नाही.

तोडणीचा सोहळा मात्र पाहण्यासारखा. सकाळी सहाला, पावसाळ्यात, भाटकार पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गळ्यापर्यंत बटणं लावतात, कारण भेंड्याची लव अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसावं लागतं. एका हातात वेताची पाटी, दुसऱ्या हातात लहान कोयती. भेंड्याचं झाड डोक्याच्याही वर गेलेलं. पिवळं फूल, त्याच्या तळाशी काळसर लाल डाग, आणि त्याच्या खाली कालचं फूल गळून आलेला करंगळीएवढा भेंडा. 'तू परवा,' ते त्याला सांगतात. त्याच्याखालचा वीतभर झालेला, फिकट हिरवा, सात शिरांचा. त्याचं टोक ते बोटानं मोडून पाहतात. कट्ट आवाज आला तर भेंडा पाटीत, नुसता वाकला तर निबर. पानाआड दडून राहिलेला आणि चार दिवसांनी हातभर होऊन सापडलेला भेंडा मात्र त्यांच्या मते चुकलेला नसतो. तो 'बियाण्याला राखलेला' असतो. या हिशेबानं दर मोसमात त्यांच्याकडे अर्धा तालुका पेरता येईल एवढं बी जमतं.

गोव्याच्या सात शिरांच्या भेंड्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्या दिवशी त्यांनी वाड्यावर पेढे वाटले. मानांकन गोव्याला मिळालंय, तुम्हाला नव्हे, असं त्यांना सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. पेडण्याहून आलेल्या व्याह्यांनी हरमलच्या मिरचीलाही ते मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा भाटकारांनी 'मिळणारच' असं म्हणून विषय मिरचीवरून भेंड्यावर आणला.

तोडलेलं सगळं घरात खपत नाही, आणि खपवायचा हेतूही नसतो. आठ वाजता भाटकार पाटी घेऊन वाड्यावर फेरीला निघतात. 'घरचे आहेत,' एवढंच बोलून ते भेंडे तुमच्या पायरीवर ठेवतात. फुकट मिळालं असं समजू नका. संध्याकाळी ते पुन्हा येतात, अभिप्राय घ्यायला. 'चांगले होते' एवढ्यानं भागत नाही. भाजी कशी केली, सुकी सुंगटं घातली का, चिकट झाली का, मुलांनी खाल्ली का, हे सगळं तपशीलवार सांगावं लागतं. आमच्या शेजारणीनं एकदा दिलेली तांबडी भाजी घाईघाईत फ्रीजमध्ये ठेवली आणि संध्याकाळी न खाल्लेल्या भाजीचं असं वर्णन केलं की भाटकार दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन आले.

वजनकाट्याची सवय जात नाही, म्हणून प्रत्येक दुधीवर ते बॉलपेननं वजन आणि तारीख लिहितात. श्रावण-भाद्रपदात प्रत्येकाच्या वेलीला एकदमच लागतात, तवशी, दुधी, दोडके, घोसाळी, आणि मग वाड्यावर देण्याघेण्याचा असा पूर येतो की घेणारं कुणी उरत नाही. अशाच एका मोसमात भाटकारांचा एक दुधी त्यांच्याकडून निघाला, चार घरं फिरला आणि पाचव्या घरच्या काकूंनी 'घरचा आहे हो' म्हणत तो वहिनींच्या हातात ठेवला. पाठीवर भाटकारांचं अक्षर. भाटकारांनी चष्मा लावून तारीख वाचली, तो पुन्हा तोलला आणि सुकून घटलेलं वजन खाली लिहिलं. रागावले नाहीत. त्या रात्री त्यांनी दुधीची भाजी खाल्ली आणि कोवळेपणा टिकल्याबद्दल स्वतःचं कौतुक केलं.

फुलांच्या बाबतीत भाटकार वेगळे असतात. अबोली वहिनींची. ती त्या वेचतात आणि फाती गुंफून केसात माळतात. त्यात लुडबुड केलेली चालत नाही हे ते एका अनुभवानंतर शिकले आहेत. तगर आणि जास्वंद मात्र देवाच्या नावानं त्यांच्या ताब्यात. गडग्याबाहेर झुकलेली जास्वंद पहाटे फिरायला जाणारी भाविक मंडळी आकडीनं ओढून नेतात. दुसऱ्याच्या फुलांनी आपल्या देवाची पूजा करण्यात जे पुण्य आहे ते विकतच्या फुलांत नाही, असं या मंडळींचं मत असावं. यावर उपाय म्हणून भाटकार स्वतःच पाचला उठून उमललेली सोडाच, उद्याच्या कळ्याही काढून ठेवतात. परिणामी त्यांच्या देवघरात फूल फुलतं ते डब्यात.

मोगऱ्याचा प्रकार निराळा. वैशाख शुद्ध पंचमीला शेजारच्या शिरगावात लईराईची जत्रा असते आणि देवीला मोगऱ्याच्या कळ्या लागतात. त्या आठवड्यात भाटकार आपला मोगरा कुणाला माळू देत नाहीत, स्वतः हुंगतही नाहीत. वाड्यावरचे धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत धरून असतात, त्यांच्याकडे ओल्या फडक्यात कळ्या पोचत्या करतात. त्या दिवसांत संध्याकाळी अभिप्राय घ्यायला येत नाहीत. माणूस वाटतो तेवढा हिशेबी नाही, असं मला तेव्हाच वाटतं.

त्यांची खरी सत्त्वपरीक्षा असते गणेश चवथीला. गणपतीवर बांधलेल्या माटोळीत जे टांगायचं ते सगळं आपल्या परसातलं असावं, ही भाटकारांची प्रतिज्ञा. नारळ, सुपारीचं शिंपुट, केळीचा घड, तवसं, चिबूड, दोडका, तोरिंगण, आंबाडे इथपर्यंत ठीक. पण कांगणी आणि माट्टुळी ही डोंगरावरची फळं, ती दोनशे मीटरात कुठून येणार? म्हणून चवथीच्या आधी भाटकार टोपी कानापर्यंत ओढून डिचोलीच्या बाजारात शिरतात. दोन वर्षांमागे मी त्यांना तिथे रानातल्या फळांची टोपली घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करताना गाठलं. क्षणभर गडबडले. मग म्हणाले, 'ह्याला विकत घेणं म्हणत नाहीत. हे रानातलं, रान काय कुणाच्या मालकीचं असतं?' मये गावात जन्मलेल्या माणसानं हा प्रश्न विचारावा, आणि तोही इतक्या निरागसपणे! बाईनं मात्र पैसे मोजून घेतले.

नारळाशी त्यांचं काही चालत नाही. माड दोन, आणि चढता येत नाही. नारळ पाडणारा पाडेली हल्ली आमदारापेक्षा दुर्मिळ झाला आहे. आमदार निदान पाच वर्षांनी दारात येतो. पाडेल्याचा फोन लागला तर तो उद्या येतो म्हणतो, आणि त्याच्या उद्याला तारीख नसते. मयेच्या तळ्यावर बंजी उडी मारायला लांबलांबून पर्यटक येतात, पैसे मोजतात, हे कळल्यावर भाटकार म्हणाले, 'त्यांना माझ्या माडावरून सोडा, जाता जाता चार नारळ तरी पाडतील.'

आणि माकडं. वहिनींच्या कष्टाचं आणि भाटकारांच्या तोडणीचं एकदम वाटोळं करणारी एवढीच एक जमात. पपई पिवळी पडायला लागली की भाटकार म्हणतात 'उद्या', आणि माकड म्हणतं 'आज'. 2016 मध्ये माकडं, रानडुक्कर आणि मोर यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घालण्याची गोष्ट विधानसभेत निघाली होती. मोराचं नाव ऐकून देशभर गदारोळ झाला. भाटकार त्या वेळी मोराच्या विरोधात होते, कारण मिरचीची रोपं मोरानं टोचली होती. पण माकडाबद्दल त्यांच्या मनात राग आहे तो नुकसानीचा नाही. माकड त्यांच्या आधी तोडतं, हे खरं दुखणं.

एकदा वहिनींनी खर्च मांडला. बी, खत, जाळी, पाण्याची नळी, तण काढणाऱ्या बाईची मजुरी. त्यांच्या हिशेबानं भेंडा बांगड्यापेक्षा महाग पडला. भाटकारांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, 'बांगडा पहाटे जाऊन स्वतःच्या हातानं तोडता येतो काय?' वहिनींकडे याला उत्तर नव्हतं. मलाही अजून सुचलेलं नाही.

तेव्हा मयेला तळं बघायला आलात आणि वाड्यावरून जाणार असाल, तर एक सांगून ठेवतो. रिकामी पिशवी जवळ असू द्या, परतताना ती भरलेली असेल. डिचोलीच्या बाजारात भेंडे घेतले असतील तर ते गाडीच्या डिकीत, अगदी आत, चादरीखाली ठेवा. आणि काहीही झालं तरी गडग्याआतल्या झाडाला आपण होऊन हात लावू नका. मागा, मिळेल.