हेल्मेट कोरणाऱ्या शेठना खुलं पत्र

शेठ,

तुमच्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, पण पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला कळेल. तुम्ही गिऱ्हाइकाला ब्लूटूथ हेडसेट विकता, ‘फिटिंग फ्री’ म्हणून त्याचं हेल्मेट आतल्या खोलीत नेता आणि स्पीकर बसत नसले की गरम पात्यानं आतला थर्माकोल कोरून टाकता. हेच काम करणारे नाशकात आणखी कोणी असतील, तर त्यांनीही हे पत्र आपलंच समजून वाचावं.

माझा भाचा अंबडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो. मध्यरात्रीच्या सुमाराला पाथर्डी फाट्यावरून गाडीनं घरी येतो. हेल्मेटला घामाचा वास मारायला लागला, म्हणून परवा मी त्याचं अस्तर धुवायला काढलं. गालाजवळच्या गाद्यांची टिचबटणं सुटली आणि खाली दोन वाटोळे खड्डे दिसले. कडा वितळून चकचकीत झालेल्या. उजवीकडचा खड्डा त्यातल्या त्यात उथळ. डावीकडे पातं इतकं खोल गेलंय, की बोट घातलं तर नखाला थेट बाहेरच्या कवचाचं काळं प्लास्टिक लागतं. तळाशी पिवळट गोंद वाळलेला, आणि तो जिथे ओघळला तिथला थर्माकोल विरघळून आणखी एक बीळ झालेलं. मी भाच्याला हाक मारून दाखवलं, तर तो म्हणाला, “अगं मावशी, ते म्हणाले सगळ्यांचं असंच करतो. आता कानाला टोचत नाही.”

सगळ्यांचं. म्हणजे या शहरात अशी किती डोकी फिरताहेत, ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही दिवसभर हेल्मेटं विकता. त्यातला थर्माकोल कशासाठी असतो, हे तुम्हाला माहीत नाही यावर माझा विश्वास नाही, तरी लिहिते. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. मेंदू वाचवण्याचं काम मात्र आतला थर करतो. डोकं रस्त्यावर आपटलं की तो चिरडतो, चिरडताना आघात पोटात घेतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिमीटर जास्तीचे मिळवून देतो. माणूस शुद्धीवर येणार की नाही, हे त्या मिलिमीटरांवर ठरतं. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. चिरडलेला थर परत फुगत नाही. कानशिलाचं हाड कवटीतल्या पातळ हाडांपैकी एक आहे आणि तुम्ही कोरता ते नेमकं त्याच्या शेजारी. वर गोंद ओतता. थिनरवर बनलेले गोंद थर्माकोल विरघळवतात, हे शाळेत प्रकल्पाला बसलेल्या पोरांनाही अनुभवानं कळतं.

न्हावीसुद्धा वस्तरा लावण्याआधी विचारतो. तुम्ही भाच्याला एका शब्दानं विचारलं नाहीत.

१ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. तो शिक्का आयएस ४१५१ या मानकाचा. हेल्मेट उंचावरून आपटून, पट्टा ओढून, कवच दाबून ते उतरलं तरच तो मिळतो. तुमच्या काउंटरमागे ‘फक्त आयएसआय हेल्मेट’ अशी पाटी आहे. मी ती वाचून आले आहे. पण ज्या हेल्मेटची चाचणी झाली ते अखंड होतं. तुम्ही कोरून परत दिलंत त्याची चाचणी कोणीही केलेली नाही, आणि शिक्का मात्र तसाच मागे चिकटलेला आहे. युरोपातली ईसीई २२.०६ ही नियमावली तर हेल्मेटला नेमून दिलेलं संचार-उपकरण लावूनही चाचणी घेते, कारण बाहेरून जोडलेल्या वस्तूनं हेल्मेटचं वागणं बदलतं हे त्यांनी मान्य केलंय.

आणि हे आपल्या नाशकात व्हावं, याचा मला जास्त राग आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला इथल्या पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. तेव्हाचे पोलिस आयुक्त दीपक पाण्डेय यांच्या त्या हट्टावर लोकांनी किती कुरकुर केली, पंपांवर किती वाद झाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मीही तेव्हा स्कूटर चालवत होते आणि मला ती मोहीम योग्यच वाटली. एवढा आटापिटा करून लोकांच्या डोक्यावर जे चढवलं, ते तुम्ही मागच्या खोलीत दहा मिनिटांत पोकळ करता.

मी ब्लूटूथच्या विरोधात नाही. रात्री अनोळखी रस्त्यावर नकाशा कानात बोलला तर नजर रस्त्यावर राहते. दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोरांना ती सोय हवीच. वणीच्या गडावर जोडीनं निघालेल्यांना मागच्या माणसाशी मान न वळवता बोलता येणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे. तक्रार आहे ती तुमच्या विकण्याच्या पद्धतीबद्दल. तुम्ही आधी हेडसेट गळ्यात मारता आणि मग हेल्मेट त्याच्या मापाचं करता. खरं तर गिऱ्हाइकाचं हेल्मेट उलटं करून आधी कानाजवळ खोबण आहे का ते बघायचं. आता बऱ्याच फुल-फेस हेल्मेटांत ती कंपनीनंच ठेवलेली असते, आणि चाचणी त्या खोबणीसकट झालेली असते. खोबण नसेल तर पातळ, लहान व्यासाचे स्पीकर दाखवायचे. तेही बसत नसतील तर “या हेल्मेटात हेडसेट बसणार नाही” असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवायचं. तेवढं तुमच्याकडून झालं नाही.

माइकचंही तेच. दांडीचा माइक उघड्या तोंडाच्या किंवा हनुवटी वर उचलणाऱ्या हेल्मेटसाठी असतो. फुल-फेसला हनुवटीच्या आत चिकटणारा बटणाएवढा माइक लागतो. भाच्याला तुम्ही फुल-फेसमध्ये दांडीचा बसवून दिलात आणि ती दांडी त्याच्या ओठाला टेकते. पडला तर ती कुठे घुसेल?

खोक्यावरचे आकडेही तुम्ही समजावून सांगत नाही. ‘इंटरकॉम १००० मीटर’ हा आकडा मोकळ्या मैदानातला, दोन्ही गाड्या एकमेकींना दिसत असतानाचा. कसारा घाटात एका वळणामागे डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. चार-पाच गाड्यांनी मिळून फिरणाऱ्यांना मेश जाळ्याचा हेडसेट बरा, कारण एक गाडी मागे पडली तरी बाकीच्यांचं बोलणं तुटत नाही आणि ती जवळ आली की आपोआप जोडली जाते. कार्डो, सेना या कंपन्यांकडे तो आहे, पण महाग आहे. घर ते कंपनी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याला त्याची काही गरज नाही. त्याला हवी असते हातमोज्यातून दाबता येणारी मोठी बटणं, इगतपुरीकडच्या पावसात टिकणारं आयपी६७ मानांकन आणि पाळीभर पुरणारी बॅटरी. भाच्याला तुम्ही विकलंत काय, तर ‘एक्स्ट्रा बास’.

त्या बासबद्दलही बोलायचं आहे. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात. त्यावर कान फोडणारं गाणं चढवायचं, हा कानाच्या नसांवर घाला आहे. आवाज कमी ठेवूनही स्पष्ट ऐकू येतं, पण त्यासाठी स्पीकर बरोबर कानाच्या भोकासमोर लागतो. तो सेंटिमीटरभर सरकला तरी आवाज पडतो आणि माणूस पूर्ण आवाजावर जातो. भाच्याचे दोन्ही स्पीकर कानाच्या मागे होते, कारण तुम्हाला कोरायला तिथे सोपं गेलं. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला कसा ऐकू येणार होता? आयएस ४१५१ मध्ये हेल्मेट घातल्यावर ऐकू येतं की नाही, याचीसुद्धा चाचणी आहे. तेही तुम्ही धुडकावलंत.

आणि विकताना तुम्ही काय म्हणालात? “आता बिनधास्त फोनवर बोल, पोलिस काही करत नाही.” गाडी चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणं म्हणून धरलं जातं, आणि नकाशासाठी सवलत आहे तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानंच. हेडसेटमुळे हात मोकळे होतात, डोकं होत नाही. दुसऱ्या पाळीहून येताना सुपरवायझरशी वाद घालणारा पोरगा समोरचा खड्डा बघत नसतो. ते सांगायचं सोडून तुम्हीच त्याला बोलायला लावलंत.

भाच्याला आता कानाजवळ खोबण असलेलं नवं हेल्मेट घेतलंय. तोच हेडसेट आम्ही घरी बसून त्यात लावला. स्पीकर कानासमोर येईपर्यंत वेल्क्रो सरकवला, तार गालाच्या गादीखालून घेतली, बटणाचा माइक वेगळा मागवला. पातं लागलं नाही, गोंद लागला नाही. पैसे आमचे गेले.

कोरलेलं हेल्मेट आणि तुमचं बिल माझ्याकडे जपून ठेवलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८६ तुम्ही वाचा. विक्रेत्यानं वस्तूत फेरफार केला आणि तोच फेरफार इजेचं मोठं कारण ठरला, तर जबाबदारी विक्रेत्यावर येते, असं त्यात लिहिलंय. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणाला इजा झाल्यावर ते कलम उघडावं लागू नये, म्हणून हे पत्र आज लिहिते आहे.

मागणी एवढीच. तुमच्या बिलबुकात सगळ्यांचे मोबाइल नंबर आहेत; दिवाळीच्या शुभेच्छा आणि सेलचे मेसेज त्याच नंबरांवर येतात. ज्यांची हेल्मेटं तुम्ही कोरलीत, त्या प्रत्येकाला फोन करा. हेल्मेट निकामी झालंय हे स्वतःच्या तोंडानं सांगा आणि बदलून द्या. सुरुवात रात्रपाळीवाल्यांपासून करा.

तुमच्या एका गिऱ्हाइकाची मावशी,
नाशिक